अ‍ॅसायक्लोव्हिरचे कूळ

ताप उतरताना ओठाच्या कडेला पुटकुळ्या उठवणारा हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणू डोळ्यात शिरला म्हणजे दृष्टीवर आणि क्वचित मेंदूत शिरला म्हणजे प्राणांवर बेतते. परंतु या दोन्ही संकटांत आज जे औषध हाताशी असते त्याचे मूळ शोधू जाता आपण डोळ्यापाशीच येऊन थांबतो, आणि याचे श्रेय नेत्रवैद्यांना पुरेसे दिले जात नाही असे मला वाटते.

1912च्या सुमारास जर्मनीतील मारबुर्ग येथे विल्हेल्म ग्रूटर या नेत्रवैद्याने रुग्णाच्या पारपटलावरील व्रणाचा अंश सशाच्या पारपटलात टोचला, तेव्हा तोच रोग तेथे उमटला. पुढे 1920मध्ये बाझेल येथे रॉबर्ट डोअर यांना अशा सशांत मेंदूचाही दाह आढळला आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेचा पहिला दाखला हाती आला. हा व्रण एकदा पाहिला की विसरत नाही: फ्लुओरेसीन घालून निळ्या प्रकाशात पाहावे, तो पारपटलावर हिरवी, निष्पर्ण फांदी उजळते आणि तिच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला बारीकशी गाठ दिसते. रोगट पेशी खरवडून काढणे, याखेरीज फारसा इलाज तेव्हा नव्हता.

1959मध्ये येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ यांनी कर्करोगासाठी आयडॉक्सुरिडिन सिद्ध केले. डीएनएतील थायमिडिनशी त्याचे इतके साधर्म्य, की विषाणू ते आपल्या नव्या डीएनएत गुंफून घेतो आणि ती प्रत निकामी होते. मात्र निरोगी पेशींचीही तीच गत होत असल्याने सर्व शरीरात त्याचा अंमल बसवणे धोक्याचे होते. डोळ्यात मात्र थेंबाथेंबाने, दिवसा तासातासाला व रात्री दोन तासांनी, ते घालता येत होते. 1962मध्ये हर्बर्ट कॉफमन यांनी या थेंबांनी व्रण बरे केले, आणि विषाणूवर औषध असूच शकत नाही हा तोवरचा समज मोडला.

मेंदूच्या दाहात तेच औषध शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा त्याच्या विषारीपणामुळे तो उपाय सोडावा लागला. 1977मध्ये व्हिडाराबिनने मृत्यूचे प्रमाण शेकडा 70वरून 28वर आणले. त्याच सुमारास बरोज वेलकम कंपनीत गर्ट्रूड एलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅसायक्लोव्हिर पुढे आणले, आणि त्याची खुबी अशी, की विषाणूच्याच एका विकराने चेतवल्यावाचून ते जागे होत नाही. म्हणून निरोगी पेशी बहुतांशी सुरक्षित राहतात. 1984मध्ये स्वीडनमध्ये आणि 1986मध्ये अमेरिकेत झालेल्या तुलनेत व्हिडाराबिनपेक्षा या औषधाने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पीएचडी नसलेल्या एलियनबाईंना 1988मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, तो सर्वथा यथायोग्य होता.

वाचलेल्यांपैकी अनेकांची स्मृती मात्र अधू राहते, कारण हा दाह तासागणिक पसरतो. म्हणूनच ताप, वागण्यातला अकस्मात बदल आणि झटके यांवरून नुसती शंका आली, तरी तपासणीच्या निकालाची वाट न पाहता पहिली मात्रा शिरेतून सुरू करतात आणि दर आठ तासांनी, दोन ते तीन आठवडे, चालू ठेवतात.