बीटल मोटारीची प्रज्वलनयंत्रणा : सुट्या भागांची निवड

फोक्सवॅगन बीटल या जर्मन मोटारीच्या मागील बाजूस बसवलेले आडवे, चार सिलिंडरांचे इंजिन हवेने थंड होते. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. मोटारीत तापमानदर्शक काटाही नसल्याने इंजिन जास्त तापल्याची सूचना चालकाला सहसा नुकसान झाल्यावरच मिळते. ठिणगी वेळेआधी पडली तर सिलिंडरात ठोके बसतात. उशिरा पडली तर जळते वायू एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सिलिंडर हेड तापवतात. त्यामुळे या इंजिनासाठी प्रज्वलनाचे भाग निवडताना ठिणगीच्या जोरापेक्षा तिच्या वेळेला अधिक महत्त्व द्यावे लागते.

ही वेळ डिस्ट्रिब्यूटर ठरवतो. म्हणून निवडीची सुरुवात त्याच्यापासून करावी आणि तो कार्बोरेटरला जुळणारा असावा. बीटलवर मुख्यतः तीन प्रकारचे डिस्ट्रिब्यूटर आढळतात. जुन्या 1200 सीसी इंजिनांवरील डिस्ट्रिब्यूटर केवळ कार्बोरेटरच्या निर्वातावर ठिणगी पुढे आणतो. दुसऱ्या प्रकारात निर्वात आणि फिरती वजने दोन्ही असतात. तिसऱ्यात फक्त वजने असतात. बॉशचा ‘009’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. तो स्वस्त आणि साधा असल्याने जगभर हजारो बीटलवर मूळ भागाच्या जागी बसवला गेला. परंतु वजने इंजिनाचा वेग ओळखतात, त्यावरचा भार ओळखत नाहीत. त्यामुळे 34 पिक्ट कार्बोरेटरबरोबर 009 बसवल्यास अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. हा दोष जेट बदलून झाकण्याचा खटाटोप अनेक जण करतात. मूळ कार्बोरेटर असलेल्या गाडीला निर्वात व वजने असा दुहेरी डिस्ट्रिब्यूटर लावणे हाच खरा उपाय होय. 009 वापरायचाच असेल, तर टायमिंग मंद गतीवर न लावता इंजिनाचा वेग मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या वर नेऊन एकूण 28 ते 32 अंशांवर लावावे. 1960च्या दशकातील अनेक मूळ डिस्ट्रिब्यूटरांसाठी स्थिर टायमिंग वरच्या मृतबिंदूच्या 7.5 अंश आधी असे, मात्र हा आकडा सर्वांना लागू नाही. इंजिन आणि डिस्ट्रिब्यूटर यांचे क्रमांक पाहूनच तो घ्यावा. ठिणगीचा क्रम सर्वत्र 1-4-3-2 असाच असतो.

जुना डिस्ट्रिब्यूटर हाती आला, तर टाकून देण्याआधी तपासावा. शाफ्ट बाजूला हलत असल्यास पॉइंटचे (आतील उघडझाप करणाऱ्या संपर्कांचे) अंतर प्रत्येक सिलिंडरला वेगळे पडते आणि टायमिंग स्थिर राहत नाही. निर्वाताचा पडदा फाटला आहे की नाही, हे नळी तोंडाने ओढून कळते.

पॉइंटमधील अंतर 0.4 मिमी. असावे, म्हणजे ते बंद राहण्याचा कोन सुमारे 50 अंश येतो. कॅमवर घासणारा ठोकळा झिजला की अंतर कमी होते आणि ठिणगी मागे पडते. नवे पॉइंट लावताना ठोकळ्याला किंचित ग्रीस लावल्यास ही झीज मंदावते. कंडेन्सर पॉइंटबरोबरच बदलण्याची पद्धत आहे, पण नवा भाग हलक्या प्रतीचा असेल तर चालता जुना काढू नये. पॉइंटच्या जागी बसणारी चुंबकीय संवेदकाची इलेक्ट्रॉनिक जोडणी कोन कायम ठेवते. तिला पुरेशा रोधाची कॉइल लागते, आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवल्यास ही जोडणी जळू शकते.

कॉइल निवडताना आधी विद्युतदाब पाहावा. अमेरिकेत विकलेल्या बीटल 1967च्या मॉडेलपासून 12 व्होल्टच्या झाल्या. त्याआधीच्या 6 व्होल्टच्या. 12 व्होल्टच्या मूळ यंत्रणेत बाहेरचा रोधक नसतो, म्हणून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध सुमारे 3 ओहम असावा. रोधकासह चालणारी सुमारे दीड ओहमची कॉइल थेट जोडल्यास पॉइंट लवकर करपतात. अधिक दाबाच्या झगमगीत कॉइलचा साध्या इंजिनाला फारसा उपयोग नाही.

स्पार्क प्लग 14 मिमी. आट्यांचा, 12.7 मिमी. लांबीचा घ्यावा. याहून लांब प्लग पिस्टनला आदळण्याचा धोका असतो. बॉश डब्ल्यू8एसी किंवा एनजीके बी5एचएस, बी6एचएस हे नेहमीचे प्रकार. उष्णताक्रमांकांबाबत सावध राहावे : एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. अंतर 0.6 ते 0.7 मिमी. ठेवावे. हेड अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे असल्याने प्लग थंड इंजिनातच बसवावा आणि आधी हाताने फिरवत न्यावा, नाहीतर आटे निघतात.

प्लगच्या वायरींसाठी तांब्याच्या गाभ्याची वायर व टोकाला रोध असलेली टोपी ही मूळ रचना चांगली टिकते. मात्र रोटर, टोपी आणि प्लग तिन्हीकडे रोध वाढवत नेल्यास ठिणगी दुबळी होते. वायरीच्या प्लगकडील टोकाला रबरी चकती असते. ती पत्र्याच्या आच्छादनातील छिद्र बंद करते. सार्वत्रिक मापाच्या वायरींच्या संचात ही चकती नसली, तर पंख्याची हवा सिलिंडरांवरून न जाता त्या छिद्रातून निसटते. अशा संचाची किंमत कितीही कमी असली तरी तो बीटलसाठी घेऊ नये.