सायकल घराची, पण घरात नसते : विम्याच्या इतिहासातली एक फट

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की विमा एजंटचा फोन? थांबा जरा. घरातल्या सामानाचा विमा काढला तर त्यात सायकल धरली जाते का, असं गेल्या काही महिन्यांत तीन-चार श्रोत्यांनी विचारलंय. हल्ली गिअरची चांगली सायकल लाखाच्या आसपास जाते. कार्बन फ्रेमची असेल तर मोटारसायकलपेक्षाही महाग. आणि एवढी किमती वस्तू आपण पार्किंगमध्ये एका खांबाला बांधून वर झोपायला जातो.

या प्रश्नाचं धड उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. इतिहासात सापडतं. कारण विम्याच्या कागदावरचा प्रत्येक शब्द कधीतरी कुणाच्या तरी नुकसानीनंतर तिथे येऊन बसलाय.

सुरुवात लंडनपासून. सप्टेंबर 1666 मध्ये तिथे मोठी आग लागली. चार-पाच दिवस शहर जळत होतं आणि सुमारे 13,200 घरं गेली. त्यानंतर शहर नव्याने बांधताना निकोलस बार्बन नावाच्या माणसाने बांधकामात भरपूर पैसा कमावला, आणि 1680 च्या सुमारास घरांचा आगीचा विमा विकायला सुरुवात केली. विटांच्या घराला जो दर, त्याच्या दुप्पट लाकडी घराला. साधा हिशोब. 1710 मध्ये 'सन फायर ऑफिस' आलं. विमा उतरवलेल्या घराच्या भिंतीवर या कंपन्या धातूची पाटी ठोकायच्या. 'सन'च्या पाटीवर सूर्य आणि खाली पॉलिसीचा नंबर. ही पाटी लक्षात ठेवा, पुढे तिची एक लांबची बहीण भेटणार आहे.

आता यात काय घडलं बघा. विम्याचा जन्म घराभोवती झाला. घर जागचं हलत नाही. जळलं तर सगळ्या गल्लीला दिसतं. पुढे घरातल्या सामानाचाही विमा मिळू लागला, पण तोही आगीपुरता. चोरीचा विमा उतरवायला मात्र जवळजवळ दोनशे वर्षं कुणी तयार नव्हतं. कारण उघड आहे: आग लागलेली दिसते, चोरी झालेली सांगावी लागते. आणि सांगणारा खरं सांगतोय कशावरून?

ही कोंडी लंडनच्याच लॉइड्स बाजारातल्या कथबर्ट हीथने फोडली. ऐकायला कमी येणारा, पण डोक्याने तल्लख माणूस. एका दलालाने घराच्या आगीचा विमा काढताना सहज विचारलं, की चोरीचंही संरक्षण मिळेल का? हीथ म्हणाला, का नाही? ही गोष्ट 1880 च्या दशकाच्या शेवटची. याच हीथने 1906 च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर, पॉलिसीच्या अटी काहीही असोत, सगळ्यांचे पैसे पूर्ण द्या असा निरोप पाठवला होता. लॉइड्सचं नाव अमेरिकेत त्यामुळे झालं.

गंमत बघा, त्याच दशकात, त्याच देशात आणखी एक वस्तू जन्माला आली. 1885 मध्ये कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' सायकल बाजारात आणली: दोन्ही चाकं जवळपास सारखी, चेन मागच्या चाकाला. 1888 मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आपण आज चालवतो ती सायकल हीच. म्हणजे आधुनिक सायकल आणि चोरीचा विमा ही एकाच काळातली भावंडं. पण दोघांचं कधी जमलं नाही.

का नाही जमलं? चोरी खरी की खोटी हे ओळखायला विमा कंपन्यांनी एक खूण ठरवली: कुलूप तुटलंय का, दार उचकटलंय का, खिडकीचे गज कापलेत का. म्हणजे बळजबरीने आत शिरल्याचा पुरावा. इंग्रजी पॉलिसीत यावर दोन-तीन ओळींची व्याख्या असते. आपल्याकडे मात्र भाषेनेच काम सोपं केलंय. आपण 'चोरी' वेगळी म्हणतो आणि 'घरफोडी' वेगळी. घरफोडीसाठी घर फोडावं लागतं! पेपरात 'भरदिवसा घरफोडी' असं वाचलं की कडी-कोयंडा तुटलेला आपल्याला आपोआप दिसतो. विमा कंपनीला नेमका तोच कडी-कोयंडा हवा असतो.

आणि सायकल? सायकलसाठी कुणी घर फोडत नाही. ती जिन्याखाली असते, पार्किंगमध्ये असते, दुकानाबाहेर असते. मालकी घराची, मुक्काम बाहेरचा. ही ती फट.

आता भारतात येऊ. इथे सर्वसाधारण विम्याची सुरुवात 1850 मध्ये कलकत्त्याच्या ट्रायटन कंपनीपासून धरतात. मुंबईत 1907 मध्ये 'इंडियन मर्कंटाइल' आणि 1919 मध्ये दोराबजी टाटांची 'न्यू इंडिया' निघाली. पुढे 1 जानेवारी 1973 पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि 107 विमा संस्था गोळा करून चार सरकारी कंपन्या झाल्या. याच कंपन्यांनी मध्यमवर्गासाठी 'हाउसहोल्डर्स' पॉलिसी विकली. एका पॉलिसीत बरेच विभाग: आग, घरफोडी, दागिने, टीव्ही, प्रवासातलं सामान... आणि चक्क 'पेडल सायकल' असा स्वतंत्र विभाग!

हा विभाग का होता, हे त्या काळाकडे बघितलं की कळतं. ॲटलासचा सोनिपतचा कारखाना 1951 चा, लुधियानाची हीरो सायकल 1956 ची. त्याआधी हंबर, राले, बीएसए अशा विलायती सायकली घरात असणं ही मिरवायची गोष्ट. पुण्याला तर सायकलींचं शहरच म्हणत. कारकून, प्राध्यापक, शाळेतली पोरं, सगळे सायकलवर. अशा वेळी सायकल म्हणजे घरातली एक मोठी मालमत्ता. म्हणून पॉलिसीत तिला स्वतःची खोली होती.

तिला ओळखही होती. अनेक गावांत नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला द्यायची. घरातल्या जुन्या माणसांना विचारा. बिल्ला नाही, दिवा नाही, डबल सीट, यातल्या कशासाठी तरी पोलिसाने अडवल्याचा किस्सा हमखास निघेल. लंडनच्या भिंतीवरच्या पाटीची लांबची बहीण ती हीच. बिल्ला त्रासदायक होता, पण त्यामुळे सायकलचं नाव कुठल्यातरी वहीत लिहिलेलं असायचं.

मग स्कूटर आली, मोटारसायकल आली. वाहन म्हणून नोंदणी आणि सक्तीचा विमा त्यांना मिळाला. सायकल गरिबाची झाली, बिल्ला इतिहासजमा झाला. 3 जून 2020 रोजी ॲटलासने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला, तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. पण त्याच सुमारास दुसरीकडे शहरांत महागड्या सायकली वाढत होत्या. म्हणजे सायकल पुन्हा मौल्यवान झाली, पण तिची खोली आणि तिचा बिल्ला, दोन्ही हरवलेले.

माझ्याच इमारतीत याचा अनुभव आला. शेजारच्या विंगमधल्या मित्राची सव्वा लाखाची सायकल पार्किंगमधून गेली. लॉक कापलेलं, सीसीटीव्हीत तोंड झाकलेला माणूस. मित्र निर्धास्त होता, कारण गृहकर्जासोबत घराचा विमा काढलेला होता. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं: ही चोरी पॉलिसीत बसत नाही. त्याला वाटलं, फसवणूक झाली. आम्ही दोघांनी बसून पॉलिसीचा कागद वाचला. कंपनी शब्दशः बरोबर होती. विकताना हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

तर कागदात काय असतं ते सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाच्या आदेशाने सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. पॉलिसी चांगली आहे. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. विमा कमी रकमेचा काढला म्हणून भरपाई कापत नाहीत. पण तिचा पाया अजूनही 1666 चाच आहे: आग, भूकंप, पूर, वादळ. चोरी त्यात आहे, पण कशी? यांपैकी एखादी आपत्ती आली, तिच्यामुळे चोरी झाली आणि तीही सात दिवसांच्या आत, तरच. शिवाय घराबाहेर असलेल्या वस्तूची चोरी स्पष्ट शब्दांत वगळलेली. रात्री शांतपणे येऊन लॉक कापणारा चोर यात कुठेच नाही.

धंद्याने मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून मला हे जुन्या कोडसारखं वाटतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा गाभा तसाच, वरून एकेक थर चढलेला. तुमची अडचण कुठल्या थरात सुटते हे तुम्हालाच शोधावं लागतं. म्हणून पॉलिसी निवडताना चार प्रश्न विचारा. फोनवर नाही, ईमेलवर. उत्तर लेखी मिळायला हवं.

पहिला प्रश्न: चोरी की घरफोडी? मूळ पॉलिसीला घरफोडीचं जोडकलम घेता येतं. पण त्यात नुसती चोरीही धरली आहे का, की दार फोडल्याची खूण लागतेच, हे विचारा.

दुसरा: कुठे? फक्त फ्लॅटच्या आत, की सोसायटीच्या पार्किंगमध्ये, की ऑफिसबाहेरही? 'घर' या शब्दाची व्याख्या पॉलिसीच्या सुरुवातीच्या पानांत असते, ती वाचा. सामायिक पार्किंगवर सगळ्यात जास्त वाद होतात.

तिसरा: किती? आज नवीन घेतली तर लागेल ती किंमत मिळणार, की वापराच्या वर्षांप्रमाणे घसारा कापणार? एका वस्तूला कमाल मर्यादा आहे का? सायकल नाव, मॉडेल आणि किमतीसकट यादीत लिहून घ्या. 'इतर सामान' या गाठोड्यात ढकलू नका.

चौथा: काय वगळलंय? सायकलच्या कलमांत साधारण हे सापडतं: शर्यतीत वापरताना झालेलं नुकसान नाही, भाड्याने दिली असताना नाही, आणि नुसता दिवा किंवा सीट चोरीला गेली तर नाही, अख्खी सायकल सोबत गेली तरच. बीआरएमसारख्या लांब पल्ल्याच्या राइड करणाऱ्यांनी 'शर्यत' म्हणजे काय हे आधीच विचारून ठेवावं. पेडल सायकलचा जुना विभाग असलेली पॉलिसी मिळाली तर ती जरूर बघा. नाहीतर फक्त सायकलचा वेगळा विमा देणाऱ्यांचे दर मागवा आणि तेच चार प्रश्न त्यांनाही विचारा.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक जोड. तिथे घरसामानाच्या विम्यात सायकल बहुधा घेता येते, पण घराबाहेरचं संरक्षण वेगळं मागावं लागतं आणि लॉक कुठलं ते विचारतात. 'सोल्ड सिक्युअर' हा शिक्का तिथे 1992 मध्ये पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झाला. शिक्का असलेलं लॉक घेतलंत तर पावती जपून ठेवा.

पावतीवरून आठवलं. बिल्ला गेला, तर आपला बिल्ला आपणच तयार करायचा. सायकल उलटी करा. पेडलचा दांडा जिथून जातो, त्याच्या खाली बहुतेक सायकलींवर फ्रेम नंबर कोरलेला असतो. त्याचा फोटो, तुमच्यासह सायकलचा फोटो आणि बिल, तिन्ही स्वतःलाच ईमेल करून ठेवा. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसात जा, एफआयआरमध्ये फ्रेम नंबर लिहायला लावा आणि कंपनीलाही लगेच कळवा. तपास लागला नाही तर महाराष्ट्रात पोलीस 'अ समरी' देतात, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. दावा पुढे सरकायला हा कागद बहुतेक वेळा लागतो. कंपनीने तरीही अन्याय्य नकार दिला, तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लिहा, मग विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. वकील लागत नाही आणि फीही नाही.

माझ्या मित्राची सायकल मिळाली नाही. त्याने दुसरी घेतली आहे, जुनीच, ओळखीच्याकडून. ती आता चौथ्या मजल्यावर, हॉलमध्ये भिंतीला टांगलेली असते. त्याची आई म्हणते, टीव्हीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघतो. आणि हो, तिचा फ्रेम नंबर पॉलिसीच्या यादीत आहे.

तुमच्या घरात कुणाकडे जुना सायकलचा बिल्ला असेल, तर त्याचा फोटो आणि कुठल्या गावचा, कुठल्या वर्षाचा ते नक्की पाठवा. पुरेसे जमले तर एक भाग फक्त बिल्ल्यांवर करू. तोवर सांभाळून चालवा, आणि लॉक लावायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.