पॅलेस्टिनी अभ्यासकेंद्रे

पॅलेस्टाइनचा इतिहास, अरब-इझ्राएल संघर्ष आणि त्यासंबंधीची मोठ्या राष्ट्रांची परराष्ट्रीय धोरणे यांचा पॅलेस्टिनी दृष्टिकोनातून अभ्यास करणाऱ्या संशोधन व लोकशिक्षण संस्था. परराष्ट्र खाते, अभिलेखागार व राष्ट्रीय ग्रंथालय ही राज्याची नित्याची अंगे होत. १९४८ मध्ये विस्थापित झालेल्या पॅलेस्टिनी समाजाजवळ यांपैकी एकही नव्हते. ती उणीव या संस्थांनी आपापल्या परीने भरून काढली. त्यामुळे त्यांचा इतिहास हा केवळ विद्याव्यासंगाचा इतिहास राहत नाही.

या संस्थांचे पूर्वरूप मूसा अल्-अलमी यांनी १९४५ मध्ये उभारलेल्या ‘अरब कचेरी’त आढळते. जेरूसलेमप्रमाणेच लंडन व वॉशिंग्टन येथेही तिच्या शाखा होत्या. १९४६ मध्ये अँग्लो-अमेरिकन चौकशी समितीपुढे इतिहासकार ॲल्बर्ट हौरानी यांनी या कचेरीच्या वतीने अरबांची बाजू मांडली. परंतु पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टाइनविषयक विशेष समिती आली, तेव्हा अरब उच्च समितीने तिच्यावर बहिष्कार टाकला. ज्यू एजन्सीने मात्र आपले निवेदन व पुरावे पद्धतशीरपणे सादर केले. बहिष्कारामागील भूमिका तत्त्वाची असली, तरी व्यवहारात तो महागात पडला, असेच म्हणावे लागते.

अरब कचेरीत तरुणपणी काम केलेले वलीद खालिदी तसेच कॉन्स्टंटाइन झुरैक, बुरहान दजानी इ. विद्वानांनी १९६३ मध्ये बैरूत येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर पॅलेस्टाइन स्टडीज’ ही संस्था स्थापन केली. कोणत्याही शासनाशी वा पक्षाशी ती बांधलेली नव्हती. १९७१ पासून तिचे ‘जर्नल ऑफ पॅलेस्टाइन स्टडीज’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले. खालिदींच्या संपादनाखाली १९९२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘ऑल दॅट रिमेन्स’ या ग्रंथात १९४८ च्या सुमारास ओस पडलेल्या वा उद्ध्वस्त झालेल्या ४१८ खेड्यांची गाववार नोंद आहे. गाव कोठे होते, तेथे वस्ती किती होती आणि आज त्या जागी काय आहे, अशा साध्या तपशिलांनी तो भरलेला आहे. युक्तिवादापेक्षा नोंदीवर भर देणे, हे या संस्थेचे खरे बळ होय.

दुसरे केंद्र राजकीय संघटनेचे अंग म्हणून निर्माण झाले. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने (स्थापना १९६४) १९६५ मध्ये बैरूत येथे आपले संशोधन केंद्र सुरू केले. फायेझ सायेघ हे त्याचे पहिले संचालक. त्यांचे बंधू अनीस सायेघ यांनी १९६६ पासून त्याची धुरा वाहिली. केंद्राने अरबी, इंग्रजी आणि हिब्रू ग्रंथांचा मोठा संग्रह जमविला. इझ्राएलचा अभ्यास मूळ हिब्रू साधनांवरून करण्याचा त्याचा आग्रह विशेष उल्लेखनीय आहे, कारण प्रतिपक्षाची भाषा शिकण्याचा कंटाळा हा अनेक चळवळींचा दोष असतो. १९७१ मध्ये ‘शुऊन फिलस्तीनिया’ हे मासिक सुरू झाले. कवी महमूद दरवीश यांनीही काही काळ केंद्राचे काम पाहिले.

या केंद्रावरील आघात मोठे होते. जुलै १९७२ मध्ये टपालाने आलेल्या बाँबमुळे अनीस सायेघ यांच्या डोळ्यांना व हाताला गंभीर इजा झाली. सप्टेंबर १९८२ मध्ये इझ्राएली सैन्य पश्चिम बैरूतमध्ये शिरले आणि केंद्राचा ग्रंथसंग्रह व कागदपत्रे त्याने उचलून नेली. फेब्रुवारी १९८३ मध्ये इमारतीजवळ झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले; मृतांत तत्कालीन संचालक सब्री जिर्यिस यांच्या पत्नीचाही समावेश होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये सहा इझ्राएली सैनिकांच्या मोबदल्यात हजारो कैदी सुटले. त्याच कराराने हा संग्रह परत मिळून अल्जीरियाकडे रवाना झाला. युद्धकैद्यांच्या अदलाबदलीत ग्रंथालयाचा समावेश व्हावा, हे विरळाच. ऑगस्ट २००१ मध्ये पूर्व जेरूसलेममधील ‘ओरिएंट हाउस’ इझ्राएलने बंद केले, तेव्हा तेथील कागदपत्रांचीही अशीच गत झाली.

अमेरिकेत याफा येथे जन्मलेले प्राध्यापक हिशाम शराबी यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये ‘जेरूसलेम फंड’ ही संस्था वॉशिंग्टनमध्ये निघाली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिच्या जोडीला धोरणविश्लेषणाचे केंद्र आले. पुढे ते ‘पॅलेस्टाइन सेंटर’ म्हणून ओळखले जाऊ लागले. व्याख्याने व प्रकाशने यांच्या द्वारा अमेरिकन लोकमतापुढे पॅलेस्टिनी बाजू मांडणे, हे त्याचे कार्य.

भारतात या प्रश्नाची चर्चा जुनी असून तिचा एक धागा नागपूरच्या परिसराशी जुळतो. वर्ध्याजवळच्या शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथून म. गांधींनी लिहिलेला ज्यूंविषयीचा लेख ‘हरिजन’च्या २६ नोव्हेंबर १९३८ च्या अंकात आला. ज्यूंविषयी सहानुभूती व्यक्त करूनही त्यांनी त्यात पॅलेस्टाइनवरील अरबांचा हक्क मान्य केला होता. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीतील भारताचे प्रतिनिधी अब्दुर रहमान यांनी इराण व यूगोस्लाव्हिया यांच्यासह फाळणीऐवजी संघराज्याचा पर्याय सुचविला. उलट, वि. दा. सावरकरांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ज्यू राज्याच्या कल्पनेचे स्वागत केले. भारताने १८ नोव्हेंबर १९८८ रोजी पॅलेस्टाइन राज्यास मान्यता दिली, तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेले पी. व्ही. नरसिंह राव हे नागपूरलगतच्या रामटेकचे खासदार होते. त्यांच्याच पंतप्रधानपदाच्या काळात, जानेवारी १९९२ मध्ये, इझ्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले गेले.

मराठी भाषकांचे इझ्राएलशी नाते कोकणातून तेथे गेलेल्या बेने इझ्राएल कुटुंबांमुळे घरगुती स्वरूपाचे आहे. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही त्या समाजाने तेथे चालविले. पॅलेस्टिनी समाजाशी मराठी भाषकांचा असा थेट संबंध फारसा आलेला नाही. त्यामुळे त्या बाजूचा परिचय करून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी अभ्यासकास बव्हंशी वरील केंद्रांच्या इंग्रजी प्रकाशनांवरच विसंबावे लागते.