विश्रामबाग वाडा
पुण्यातील बाजीराव रस्त्यावरचा ऐतिहासिक वाडा. दुसऱ्या बाजीरावाने तो एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राहण्यासाठी बांधला. मात्र १८१८ मध्ये पेशवाईच संपल्याने हे वास्तव्य अल्पकाळाचे ठरले. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा काढली. डेक्कन कॉलेजचे मूळ तेच, म्हणून वाड्याचे हे पर्व सर्वांत मोलाचे. १८७९ मध्ये आगीने वाड्याचे मोठे नुकसान झाले. नंतर दुरुस्ती झाली. १९३० पासून सुमारे तीन दशके नगरपालिकेचा, पुढे महापालिकेचा कारभार येथून चाले. दर्शनी भागात टपाल कार्यालयही होते. सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब आणि दर्शनी सज्जा आवर्जून पाहावेत. पेशवेकालीन लाकूडकामाचे इतके देखणे नमुने पुण्यात थोडेच उरले आहेत.