निळ्या पडद्याची ७८ मिनिटं

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत.

पहाटे ३.२६. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडच्या ‘सेंट्रल यूएस’ विभागात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या भागात, बिघाड झाला. पुढच्या संकटाशी याचा संबंध नव्हता, पण दिवसभर लोकांनी दोन्हींची गल्लत केली.

सकाळी ९.३९. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी ‘चॅनल फाइल २९१’ जगभर सोडली. नव्या हल्ल्यांची चाहूल लागावी म्हणून अशा लहान फाइल्स वरचेवर येतात. पण फाल्कन चालतं विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये. एरवी एखादा प्रोग्रॅम चुकला तर तेवढाच बंद पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली की विंडोज अख्खं यंत्रच थांबवतं.

त्यानंतरची काही मिनिटं. चालू संगणक निळे पडले, आपोआप रीस्टार्ट झाले, पुन्हा निळे पडले. कित्येकांना वाटलं, स्क्रीन गेली. अशा वेळी पडदा नीट वाचावा. निर्मात्या कंपनीचा लोगो दिसण्याआधीच रेघा किंवा ठिपके येत असतील तर संशय पॅनेल, केबल, ग्राफिक्स चिपवर घ्यायचा. लोगो स्वच्छ उमटला आणि मग निळा पडदा आला, तर पॅनेल बहुधा धडधाकट असतं. त्या दिवशी उदास चेहऱ्याच्या खुणेखाली, बारीक अक्षरांत कोसळलेल्या फाइलचं नावही येत होतं: ‘सीएसएजंट डॉट सिस’. फाल्कनचाच ड्रायव्हर.

१०.५७. सदोष फाइल मागे घेतली गेली. ७८ मिनिटं. तोवर बंद असलेले लॅपटॉप बचावले. पडलेल्यांचं काय? दुरुस्ती येणार नेटवरून, आणि नेटला जोडलं जाण्याआधीच यंत्र कोसळतंय! मला या घटनेतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच वाटते. मग एकेका यंत्रापाशी माणूस बसवावा लागला. सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्समधलं क्राउडस्ट्राइकचं फोल्डर उघडायचं, २९१ क्रमांकाची फाइल पुसायची, रीस्टार्ट करायचं. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की. पुण्यातल्या कंपनीचं काम पुसदच्या किंवा वणीच्या घरून करणाऱ्याच्या लॅपटॉपची ही की सहसा आयटी विभागाकडे असते. म्हणजे फोनवर एकाने आकडे सांगायचे, दुसऱ्याने टाइप करायचे. एक आकडा चुकला की तो शोधून दुरुस्त करायचा.

दुपार. मुंबई आणि दिल्ली विमानतळांवर अकासा या विमान कंपनीचं चेक-इन हाताने सुरू झालं. देशात काही प्रवाशांना पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इंडिगोने दोनशेच्या आसपास उड्डाणं रद्द केली. यवतमाळहून नियमित विमानसेवा नाही, आपल्याला नागपूर गाठावं लागतं. त्यामुळे विमानतळावरच्या ताटकळण्याची झळ इथल्या प्रवाशांपासूनही लांब नव्हती. घरगुती लॅपटॉप मात्र सुरक्षित राहिले, कारण फाल्कन प्रामुख्याने संस्था आणि कंपन्या वापरतात. एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेचं जाळं शाबूत असल्याचं केंद्राने सांगितलं. बँका आणि वित्तसंस्थांपैकी फक्त दहांना किरकोळ अडथळा आल्याचं रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं.

३.१५. ‘हा सायबर हल्ला नाही,’ असा खुलासा क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी केला. फाइल मागे घेऊन चार तास उलटले होते. हा खुलासा फार आधी यायला हवा होता.

शनिवार, पहाटे ३. देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा पूर्ववत होऊ लागल्या. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: सुमारे ८५ लाख यंत्रं.

कारण ऑगस्टमध्ये कंपनीच्या अहवालात आलं. फाइलमधल्या नव्या नियमाला माहितीचे २१ घटक हवे होते, फाल्कनकडून पुरवले जात होते २०. एकविसावा शोधताना प्रोग्रॅम मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि कोसळला. फाइल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दोष होता, म्हणून ती पास झाली. थोड्या यंत्रांवर आधी सोडून पाहिली असती तर पहिल्या तुकडीतच हे उघड झालं असतं. अशा फाइल्स टप्प्याटप्प्याने सोडायची पद्धत कंपनीने त्यानंतर आणली.