नेड स्टार्कचं पंधरावं प्रकरण

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये सुरुवातीचा प्रवेश सोडला तर 72 प्रकरणं आहेत. 8 पात्रांच्या नजरेतून ती सांगितलेली आहेत आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्या त्या पात्राचं नाव आहे. त्यातली सगळ्यात जास्त, 15, नेड स्टार्कच्या वाट्याला आली आहेत. (ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं.) मालिका यायच्या बऱ्याच आधी, एका मैत्रिणीची जाडजूड प्रत आणून मी ही कादंबरी वाचली. पंधराव्या प्रकरणात नेड अंधारकोठडीत पडलाय, पाय मोडलाय, आणि मी मात्र निर्धास्त होते. ज्याच्या नावावर सर्वाधिक प्रकरणं, तो मरत नाही. हा हिशेब मला कुणी शिकवला नव्हता, तरी पक्का होता.

सोळावं प्रकरण आलंच नाही.

नेडचा शिरच्छेद होतो ते प्रकरण त्याच्या धाकट्या मुलीचं, आर्याचं आहे. ती गर्दीत आहे. एक माणूस तिला पकडतो आणि बघू नकोस म्हणून दरडावतो. म्हणजे ज्या मृत्यूमुळे ही कादंबरी ओळखली जाते, तो कादंबरीत दिसतच नाही. मी मागची पानं उलटून पाहिली, आपलंच काही वाचायचं राहिलं की काय म्हणून.

माझा तो हिशेब आला कुठून? टॉल्किनकडून, असं पटकन म्हणता येईल. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडात गँडाल्फ मोरियाच्या दरीत कोसळतो. दुसऱ्या खंडात तो परततो, पांढऱ्या वस्त्रांत आणि आधीपेक्षा सामर्थ्यवान होऊन. 1954च्या जुलैत पहिला खंड आला, नोव्हेंबरात दुसरा. इंग्लंडमधल्या पहिल्या वाचकांना चारेक महिने सुतक पाळावं लागलं. मार्टिनने हे पोरवयात वाचलं. गँडाल्फला परत आणायला नको होतं, असं तो मुलाखतींतून सांगत आलाय. त्यानेही पुढे कॅटलिनला परत आणलंच, पण चिरलेल्या गळ्यानिशी, धड बोलताही न येणारी.

टॉल्किनवर मात्र हा आरोप अर्धाच लागू होतो. शाळेतल्या जिवलग चौकडीतला गिल्सन सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, 1 जुलै 1916ला, मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्मिथ गेला. टॉल्किन आणि वाइजमन उरले. हा माणूस मरणाला बिचकणारा नव्हता. त्याचा बोरोमिर मेला तो मेलाच, थेओडेनही. आणि फ्रोडो जिवंत घरी पोचतो खरा, पण त्याला तिथे राहणं जमत नाही. मागून येणाऱ्यांनी उचलला तो गँडाल्फ. फ्रोडो कुणाला नको होता. टेरी ब्रुक्सच्या 1977च्या 'द सोर्ड ऑफ शनारा'त अॅलनॉन हा जादूगार आगीच्या खाईत पडतो आणि यथावकाश परत येतो. अपवाद होते. 1985च्या सुमारास ड्रॅगनलान्स मालिकेत स्टर्म हा सरदार मरतो आणि परतत नाही. पण एकंदरीत हमी कायम होती, आणि माझा हिशेब त्या हमीवर बेतलेला होता.

मार्टिन फँटसी ओलांडून मागे इतिहासाकडे गेला. यॉर्क आणि लँकेस्टर घराण्यांची यादवी त्याने समोर ठेवली. स्टार्क आणि लॅनिस्टर ही नावं कानाला तेच सांगतात. गादीवर हक्क सांगणारा यॉर्कचा ड्यूक रिचर्ड 1460च्या डिसेंबरात वेकफील्डला मारला गेला. त्याच्या मुंडक्यावर कागदी मुकुट चढवून ते यॉर्क शहराच्या वेशीवर टांगलं, असं बखरकार सांगतात. जो या कथेचा नायक ठरला असता तो गेला, आणि तीन महिन्यांच्या आत त्याचा मुलगा राजा झाला. इतिहासात प्रकरणांची संख्या कुणाला वाचवत नाही.

तिसऱ्या पुस्तकातला 'रेड वेडिंग'चा प्रसंगही असाच. 1440 साली एडिंबरा किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या भावांना जेवायला बोलावून त्यांची डोकी उडवली गेली. 1692च्या फेब्रुवारीत ग्लेन्को खोऱ्यात सैनिकांनी जवळजवळ दोन आठवडे मॅकडोनाल्डांचं अन्न खाल्लं आणि एका पहाटे यजमानांनाच कापलं. मार्टिनने हे दोन्ही एकत्र आणलं. मात्र तो प्रसंग त्याच्याने लिहवेना. बाकी सगळं पुस्तक लिहून झाल्यावर शेवटी तो त्याकडे वळला.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. ती महाभारत सांगायची. अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, सगळे महारथी त्याच्यावर तुटून पडले, इथवर यायची आणि एकदम अर्जुनाच्या प्रतिज्ञेकडे जायची. मधलं काही नाही. आम्हीही कधी विचारलं नाही, कारण माहीत होतं. भीष्म, द्रोण, कर्ण, झोपेत मारलेले द्रौपदीचे पाच मुलगे: इतकी मोठी माणसं मरताना ऐकत वाढलेल्या मुलीला नेडचा एवढा धक्का का बसावा? मला वाटतं, आमच्या घरात महाभारत 'पहिल्यांदा' कुणी ऐकलंच नव्हतं. धक्क्याची सोयच नव्हती. होतं ते नुसतं वाईट वाटणं, आणि ते दरवेळी तितकंच असायचं.

2011मध्ये मालिका आली आणि पुढचा कोण जाणार यावर पैजा लागू लागल्या. त्यानंतरच्या बऱ्याच फँटसी लेखकांनी मार्टिनकडून फक्त धक्का घेतला, तसा त्यांच्याआधीच्यांनी टॉल्किनकडून फक्त पुनरागमन घेतलं होतं. नेड दुसऱ्यांदा वाचताना धक्का उरत नाही. आता दिसतं ते असं की सचोटीसाठी ओळखला जाणारा हा माणूस आपला प्राण जाणार म्हणूनही वाकत नाही. कोठडीत वेष बदलून आलेला व्हॅरिस शेवटी त्याच्या थोरल्या मुलीचा जीव मध्ये आणतो. मग तो भर चौकात, स्वतः न केलेल्या राजद्रोहाची कबुली देतो. तरीही तलवार चालतेच.

गेल्या वर्षी मी ती कादंबरी पुन्हा काढली. पंधराव्या प्रकरणापर्यंत आले, व्हॅरिस कोठडीतून निघून गेला, आणि मी खूण घालून पुस्तक मिटलं. ते आठवडाभर तसंच उशाशी होतं.