पिंपरीची प्रतिजैविके

मातीतील बुरशी आणि तिच्यासारखे तंतुमय सूक्ष्मजीव अन्नासाठी व जागेसाठी एकमेकांशी सतत झगडत असतात. त्यांतील काही जण आसपासच्या सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारी द्रव्ये तयार करतात. या द्रव्यांपासून औषधे बनवण्याच्या भारतीय उद्योगात पुण्याजवळच्या पिंपरीचे स्थान मोठे आहे.

पेनिसिलियम बुरशीभोवती जंतू वाढत नाहीत, हे लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या 1928 मध्ये लक्षात आले. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनचे उत्पादन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर भारताला मात्र ते आयात करावे लागे. देशातच कारखाना हवा, असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे माजी संचालक साहिबसिंग सोखी अग्रभागी होते. जागतिक आरोग्य संघटनेचे तांत्रिक साहाय्य आणि युनिसेफची यंत्रसामग्री मिळून 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. औषधनिर्मितीतील सार्वजनिक क्षेत्राचा हा पहिला उद्योग. 1955 मध्ये पिंपरीत उत्पादन सुरू झाले.

पेनिसिलिन बनवण्याचे काम बीजाणूंपासून सुरू होते. जपून ठेवलेल्या वाणाचे बीजाणू आधी चंबूत, मग लहान टाकीत वाढवतात आणि शेवटी किण्वनाच्या मोठ्या टाकीत सोडतात. टाकीत शर्करा आणि मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा अर्क असतो. हवा निर्जंतुक करून आत सोडतात, द्रव सतत घुसळतात आणि तापमान साधारण 25 अंशांवर राखतात. बाहेरचा एखादा जंतू आत शिरला तर सगळी टाकी वाया जाऊ शकते, म्हणून प्रत्येक झडप आणि नळी वाफेने निर्जंतुक करावी लागते. वाढ पुरी झाली की तंतू गाळून वेगळे करतात. उरलेला द्रव आम्ल करून पेनिसिलिन सेंद्रिय द्रावकात उतरवतात आणि त्यापासून क्षाराचे स्फटिक मिळवतात.

परक्या वाणावर औषध बनवतानाच पिंपरीच्या प्रयोगशाळेने इथल्या मातीचाही शोध घेतला. कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली मातीचे नमुने पाण्यात विरळ करून पोषक थरावर पसरले जात. उगवलेला प्रत्येक पुंजका वेगळा करून रोगकारक बुरशीसमोर ठेवला जाई. त्याच्याभोवती बुरशी न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसले की तो पुढच्या तपासणीसाठी निवडला जाई. अशा शोधातून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हा जीव हाती लागला आणि त्याच्यापासून मिळालेल्या हॅमायसिनची माहिती 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. स्ट्रेप्टोमायसिस पूर्वी बुरशीत गणले जात. ते तंतुमय जिवाणू आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. हॅमायसिन जंतूंवर नव्हे, तर बुरशीवर चालते. तोंडात किंवा त्वचेवर कॅन्डिडा ही बुरशी वाढल्यावर ते उपयोगी ठरले; पण आतड्यातून रक्तात ते फारसे शोषले जात नाही, त्यामुळे त्याचा वापर मुख्यतः बाहेरून लावण्यापुरता राहिला.

त्याच प्रयोगशाळेतून 1960 च्या दशकात ऑरिओफंगिन पुढे आले. ते पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर वापरले गेले. वनस्पती ते आत शोषून घेते, त्यामुळे पानांच्या पृष्ठभागापलीकडेही त्याचा परिणाम होतो. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादनही याच दशकात पिंपरीत होऊ लागले.

कारखान्याबरोबर कामगार वसाहत आणि शाळा उभी राहिली. पुणे-मुंबई रस्त्यावरच्या खेड्याचे औद्योगिक नगरात रूपांतर होण्याची ही सुरुवात होती. पुढे स्वस्त आयात पेनिसिलिनशी स्पर्धा करणे कारखान्याला जड गेले आणि 1990 च्या दशकात कंपनी आजारी उद्योगांत गणली गेली. तरी आयात तंत्राने सुरू झालेल्या कारखान्याने सहा-सात वर्षांत स्वतःच्या मातीतून नवे प्रतिजैविक शोधले. भारतीय औषधशास्त्रातील पिंपरीचे स्थान या शोधावर उभे आहे.